हिवाळ्यात घरातली वीज सुरक्षित कशी ठेवाल? नागपूरच्या घरांसाठी सविस्तर माहिती

नागपूर म्हटलं की सगळ्यांना ऊन आठवतं. पण इथली थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. दरवर्षी एवढी कडाक्याची थंडी पडत नाही, तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. मग माळ्यावरून हीटर रॉड खाली येतो, गीझर सुरू होतो, आजी-आजोबांच्या खोलीत रूम हीटर लागतो. नेमक्या याच दिवसांत बोर्ड काळे पडणं, प्लग वितळणं, एमसीबी सारखी पडणं आणि बाथरूममध्ये शॉक लागणं या तक्रारी वाढतात.

या लेखात आपण हिवाळ्यात विजेचा धोका का वाढतो, कोणती वायर किती भार सहन करते, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग यांची नेमकी कामं काय, आणि रॉड, गीझर, रूम हीटर वापरताना काय पाळायचं हे पाहणार आहोत. शेवटी घरच्या घरी करायची तपासणी आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्नही दिले आहेत.

## हिवाळ्यात धोका का वाढतो?

नागपुरात विजेचा मोठा वापर उन्हाळ्यात होतो, हे खरं. कूलर आणि एसी दिवसरात्र चालतात. मग हिवाळ्यात काळजी कशाला? कारण उन्हाळ्यातला भार आणि हिवाळ्यातला भार यांचा प्रकार वेगळा आहे.

घरचा कूलर साधारण २०० वॅटचा असतो. पाणी किंवा हवा तापवणारी उपकरणं मात्र १,००० ते ३,००० वॅटची असतात. म्हणजे एक रूम हीटर हा दहा कूलरइतका करंट एकाच पॉइंटमधून ओढतो. आणि आपल्याकडे होतं काय? खिडकीजवळचा जो पॉइंट उन्हाळ्यात कूलरसाठी केलेला असतो, त्याच पॉइंटला थंडीत हीटर लावला जातो. उन्हाळाभर काही झालं नाही, म्हणून तो पॉइंट चांगलाच असणार असं आपण धरून चालतो.

याशिवाय आणखी तीन कारणं आहेत:

- सगळा भार एकाच वेळी येतो. सकाळी सहा ते नऊमध्ये गीझर, पाण्याची मोटर, प्रेस, मिक्सर आणि इंडक्शन सगळं सोबत चालतं.
- पाणी आणि वीज एकत्र येतात. रॉड आणि गीझर दोन्ही बाथरूममध्ये. तिथे अंग ओलं, पाय अनवाणी आणि फरशी ओली.
- जोड सैल झालेले असतात. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. म्हणजे इथल्या मीटरपेटीतले आणि बोर्डातले स्क्रू चाळीस-चव्वेचाळीस अंशांचा फरक सोसतात. त्यात रोजचं तापणं आणि निवणं. धातू प्रसरण पावतो, आकसतो आणि स्क्रूची पकड हळूहळू ढिली होत जाते. वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल तर हे अधिक लवकर होतं.

## आधी हिशेब करा: आपल्या घरी किती अँपिअर लागतात?

हिशेब अगदी सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा. उत्तर येईल ते अँपिअर.

- प्रेस, १,००० वॅट: ४.३ अँपिअर
- हीटर रॉड, १,५०० वॅट: ६.५ अँपिअर
- साठवणीचा गीझर किंवा रूम हीटर, २,००० वॅट: ८.७ अँपिअर
- इन्स्टंट गीझर, ३,००० वॅट: १३ अँपिअर

घरातल्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपिअर आणि मोठ्या, जाड पिनांच्या सॉकेटची १६ अँपिअर असते. याचा अर्थ १,५०० वॅटचा साधा रॉडसुद्धा लहान सॉकेटच्या क्षमतेबाहेर आहे. तरीही बाजारात कन्व्हर्टर प्लग सर्रास मिळतात, ज्यांनी जाड पिनेचा प्लग लहान सॉकेटला लावता येतो. प्लग बसला म्हणजे सॉकेटला तो भार झेपला असं नाही. जाड पिना मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या चुकीच्या जागी बसू नयेत म्हणूनच.

वायरचंही तसंच आहे. घरातल्या तांब्याच्या वायरसाठी ढोबळ नियम असा:

- दिवे आणि पंखे: १ ते १.५ चौरस मिमी
- १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट: २.५ चौरस मिमी
- गीझर आणि एसी: ४ चौरस मिमी, आणि थेट मुख्य बोर्डातून आलेली स्वतंत्र लाइन

आता एका घराची सकाळ पाहू. दोन बाथरूममध्ये २,००० वॅटचे दोन गीझर, १,००० वॅटची प्रेस, एक अश्वशक्तीची मोटर (सुमारे १,००० वॅट), ७५० वॅटचा मिक्सर आणि फ्रिज-दिवे मिळून २५० वॅट. एकूण झाले ७,००० वॅट, म्हणजे जवळपास ३०.५ अँपिअर. तुमच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो एकदा पाहा. तिथे २ किंवा ३ किलोवॅट असेल आणि सकाळी वापर ७ किलोवॅट होत असेल, तर खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर, मीटरची टर्मिनल्स आणि मेन स्विच यांच्यावर क्षमतेपेक्षा जास्त ताण येतोय. महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घेता येतो. तोवर एक बिनखर्चाचा उपाय आहे: दोन गीझर एकदम लावू नका आणि गीझर सुरू असताना प्रेस करू नका.

## सैल जोड: न दिसणारी शेगडी

विजेच्या आगी फक्त शॉर्ट सर्किटनेच लागतात असा आपला समज असतो. घरगुती वायरिंगमध्ये तितकंच मोठं कारण म्हणजे सैल किंवा गंजलेला जोड.

जोड सैल झाला की तिथला विद्युतरोध वाढतो. समजा, सॉकेटच्या एका जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून:

- कूलर चालू असताना (०.८७ अँपिअर) त्या जोडात सुमारे ०.४ वॅट उष्णता तयार होते. काहीच जाणवत नाही.
- रूम हीटर चालू असताना (८.७ अँपिअर) त्याच जोडात जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते.

करंट दहापट झाला आणि उष्णता शंभरपट. ३८ वॅट म्हणजे टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता. बंद बोर्डाच्या आत, प्लॅस्टिकला चिकटून, तासन् तास. आधी प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास येतो आणि शेवटी ठिणगी पडते.

यातली खरी अडचण अशी की एमसीबीला हे कळतच नाही. कारण करंट वाढलेला नसतो, तो ८.७ अँपिअरच असतो. म्हणून इथे तुमचे डोळे, नाक आणि हात हेच संरक्षण. हीटर किंवा गीझर पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर तो बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या बाहेरच्या भागाला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, तर तो सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा वापरू नका. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण सॉकेटच्या आतली पितळी पकड एकदा तापून ढिली झाली की परत घट्ट होत नाही.

## एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग: तिघांची कामं वेगळी

‘आमच्याकडे एमसीबी आहे, शॉकची भीती नाही,’ असं अनेकजण म्हणतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. म्हणून प्रत्येकाचं काम नीट समजून घेऊ.

### एमसीबी वायर वाचवते

जास्त भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी पडते. पण १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या वर गेल्याबरोबर पडत नाही. तिच्या मानकानुसार १.१३ पट करंटवर, म्हणजे सुमारे १८ अँपिअरवर, ती तासभर तरी पडू नये आणि १.४५ पट, म्हणजे सुमारे २३ अँपिअरवर, तासाभराच्या आत पडावी. त्यामुळे वायर जर बारीक असेल तर एमसीबी पडायच्या आधीच वायरचं आवरण तापून कडक होऊ शकतं.

म्हणूनच ‘१६ ची सारखी पडते, ३२ ची टाकून द्या’ हा सल्ला कधीही मानू नका. वायर तीच ठेवून मोठी एमसीबी टाकणं म्हणजे पहारेकऱ्याला झोपवण्यासारखं आहे. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार किंवा दोन-तीन पदर गुंडाळणं हाही तोच प्रकार.

### आरसीसीबी माणूस वाचवते

ओल्या अंगाने माणसाने फेजला हात लावला तर शरीरातून साधारण १०० ते २०० मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. म्हणजे ०.१ ते ०.२ अँपिअर. एवढा करंट हृदयाचे ठोके बिघडवायला पुरेसा आहे, पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो नगण्य. ती पडणारच नाही.

आरसीसीबी (आपल्याकडे अनेक इलेक्ट्रिशियन तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहते. दोन्हींत फरक पडला, म्हणजे करंट कुठेतरी दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय. घरासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यावी. एवढी गळती झाली की सेकंदाच्या तीन-दशांश भागाच्या आत ती वीज तोडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, साधी आरसीसीबी जास्त भारापासून संरक्षण देत नाही, त्यामुळे एमसीबी लागतेच. दोन्ही कामं एकत्र करणारी आरसीबीओ मिळते. दोन, कोणी एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना धरलं तर आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि ती पडेलच याची खात्री नाही.

आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचं टेस्ट बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. घरातली लाइट गेली पाहिजे. गेली नाही, तर आरसीसीबी बदला.

### अर्थिंग गळतीला सुरक्षित वाट देते

गीझरच्या टाकीला किंवा रॉडच्या नळीला वीज उतरली तर ती तुमच्या अंगातून न जाता जाड हिरव्या वायरमधून जमिनीत जावी, यासाठी अर्थिंग. घराच्या अर्थिंगचा रोध साधारण ५ ओहमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असावा.

विदर्भातल्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. ही माती ओली असताना फुगते आणि वीज चांगली वाहून नेते. पाऊस संपला की ती आकसते, भेगा पडतात आणि जमिनीत गाडलेल्या अर्थिंगच्या रॉडपासून किंवा प्लेटपासून माती सुटू शकते. पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग थंडीच्या शेवटी आणि उन्हाळ्यात कमकुवत होते ती यामुळे. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकण्याची जुनी पद्धत शास्त्राला धरूनच आहे. दिवाळीपासून पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी खड्ड्यात बादलीभर पाणी टाका.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि तीन आकडे घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे हवेत आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. फेज-अर्थचा आकडा फारच कमी आला, तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. आकडे बरोबर आले म्हणजे वायर जोडलेली आहे एवढंच कळतं. जमिनीतला रोध मोजायला अर्थ टेस्टर लागतो.

काही ठिकाणी अर्थिंग नसतं म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. हा शॉर्टकट अतिशय धोकादायक आहे. उद्या न्यूट्रलची वायर सुटली, तर गीझरच्या टाकीवर आणि फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात.

## हीटर रॉड: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जोखमीचा

रॉड वापरूच नका असं म्हणणं सोपं आहे. पण भाड्याच्या खोलीत, वसतिगृहात किंवा गीझर परवडत नसेल तिथे तोच एक पर्याय असतो. तर मग तो असा वापरा:

1. रॉड आधी पाण्यात ठेवा, मगच प्लग लावून बटण सुरू करा.
2. पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत हवं. खुणेच्या खाली पाणी असेल तर रॉड जळतो, वर असेल तर पाणी वायरच्या जोडापर्यंत जातं.
3. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. प्लॅस्टिकची बादली घ्या, पण रॉड तिच्या कडेला किंवा तळाला टेकू देऊ नका. बादलीवर आडवी कोरडी काठी ठेवून तिला रॉड अडकवा.
4. पाणी तापलं का हे बोटाने पाहायचं असेल तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग बोट. हा क्रम कधीही मोडू नका. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण चुकीच्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असतं आणि बंद असतानाही रॉडमध्ये फेज राहते.
5. बादली बाथरूममध्ये ठेवून दार लोटू नका. लहान मूल घरात असेल तर रॉड चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथेच थांबायचं.

वेळेचा अंदाज ठेवा. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला १,५०० वॅटच्या रॉडला साधारण १७ मिनिटं लागतात. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा. रॉड लावून विसरणं, पाणी आटणं आणि बादली वितळणं हे अपघात एवढ्याने टळतात.

खरेदी करताना तीन पिनांचा प्लग आणि आयएसआय खूण पाहा. रॉडचं भारतीय मानक आयएस ३६८ आहे आणि अशा उपकरणांना आयएसआय खूण बंधनकारक आहे. खुणेजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकून तो खरा आहे का हे तपासता येतं. नळीला तडा गेलेला किंवा पांढऱ्या थराने भरलेला रॉड दुरुस्त करू नका, फेकून द्या.

## गीझर: वर्षातून एकदा सर्व्हिसिंग का हवी?

शहरात अनेक घरांत नळाच्या पाण्यासोबत बोअरचं पाणीही टाकीत चढवलं जातं. बोअरचं पाणी जड असेल तर गीझरच्या एलिमेंटवर क्षारांचा थर जमतो. थर उष्णता अडवतो, त्यामुळे आतलं एलिमेंट गरजेपेक्षा जास्त तापतं, त्याचं आवरण कधीतरी तडकतं आणि वीज थेट पाण्यात उतरते. नळ उघडल्यावर हाताला झिणझिण्या येणं ही त्याची खूण. अशा वेळी ‘थोडासाच करंट आहे’ म्हणून आंघोळ उरकू नका. मेन बंद करा.

‘गीझर लावला की आरसीसीबी पडते’ ही हिवाळ्यातली नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा याचं कारण हेच तडकलेलं एलिमेंट असतं. आरसीसीबी तिचं काम बरोबर करत असते. तिला बायपास करून देणारा माणूस तुमची सोय करत नाही.

गीझरसाठी हे पाळा:

- थंडी सुरू होण्याआधी सर्व्हिसिंग करा. टाकी साफ करणं, एलिमेंटचा थर काढणं, अ‍ॅनोड रॉड आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणं त्यात यायला हवं.
- सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. टाकीत दाब वाढला तर तो बाहेर जायची वाट तीच आहे.
- १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला २,००० वॅटच्या गीझरला वीस-बावीस मिनिटं पुरतात. तासभर चालू ठेवायची गरज नाही.
- साठवणीचा गीझर असेल तर पाणी तापल्यावर स्विच बंद करूनच आंघोळीला जा. स्विच बाथरूमच्या बाहेर असावा.

गॅस गीझर आणि कोळशाची शेगडी यांचा प्रश्न विजेचा नाही, पण धोका मोठा आहे. बंद जागेत त्यांच्यामुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. खिडकी किंवा झरोका उघडा नसेल तर ती वापरू नका.

## रूम हीटर आणि बंद खोली

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं दगावली. तपासात विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवलं गेलं. तो रुग्णालयाचा कक्ष होता, घर नव्हतं. तरी नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरची ही घटना आपल्याला एक गोष्ट सांगते: रात्री, बंद खोलीत, स्वतः बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांजवळ विजेची उपकरणं सतत चालत असतील, तर धूर लक्षात यायलाच उशीर होतो. घरात हीच परिस्थिती तान्ह्या बाळाच्या आणि आजारी वृद्धांच्या खोलीत असते.

- हीटर पलंग, पडदे, गादी आणि रजईपासून किमान एक मीटर लांब ठेवा.
- हीटरवर ओले कपडे वाळत घालू नका.
- हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर किंवा स्पाइक गार्डवर लावू नका. थेट १६ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटला लावा.
- खोली गरम करून घ्या आणि झोपण्याआधी बंद करून प्लग काढा. रात्रभर हवाच असेल तर कलंडल्यावर आपोआप बंद होणारा, थर्मोस्टॅट असलेला, तेल भरलेला हीटर घ्या.
- हीटरची वायर गालिच्याखालून किंवा दाराच्या फटीतून नेऊ नका.

## कूलर आवरताना

कूलर गच्चीवर किंवा बाल्कनीत झाकून ठेवला की त्याची वायर पॉइंटला तशीच लटकत राहते. ती काढा. उंदरांनी कुरतडलेली वायर पुढच्या उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्यावर करंट उतरवते. कूलरचा वाळा आणि लाकडी भुसा थंडीत कडकडीत वाळतो आणि लगेच पेट घेतो, म्हणून हीटर असलेल्या खोलीत तो ठेवू नका. आणि पुन्हा सांगायचं तर, कूलरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटला हीटर नको.

## संक्रांत, मांजा आणि विजेच्या तारा

नागपूरची संक्रांत म्हणजे गच्चीगच्चीवरून ‘ओ काट!’चा जल्लोष. जुनी शुक्रवारीचा पतंगबाजार डिसेंबरपासूनच फुलतो. याच दिवसांत तारांवर पतंग अडकतात. धातूची भुकटी लावलेला मांजा वीज वाहून नेतो. तो ११ किंवा ३३ हजार व्होल्टच्या तारेला लागला, तर दुसरं टोक धरलेल्या मुलापर्यंत वीज पोचू शकते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. साधा सुती मांजाही दवाने ओला झाला की सुरक्षित राहत नाही.

तारेवरचा पतंग लोखंडी सळईने, बांबूने किंवा दगड बांधलेल्या दोऱ्याने काढू नका. दोन तारा एकमेकींना लागल्या तर स्फोटासारखा आवाज होऊन तार तुटून खाली पडते. तुटलेली तार दिसली तर लांब थांबा, इतरांना थांबवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

## अर्ध्या तासाची तपासणी

दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी हे करून टाका:

1. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. घरात आरसीसीबी नसेल तर ती बसवणं हे यंदाचं पहिलं काम.
2. बाथरूम, स्वयंपाकघर आणि हीटरचे सॉकेट पाहा. पिवळे डाग, जळका वास, हलणारा प्लग किंवा आत तडतड आवाज असेल तर तो पॉइंट बंद करा.
3. रॉड, प्रेस आणि हीटरच्या वायरी पूर्ण उलगडून पाहा. टेप गुंडाळलेली वायर बदला.
4. वितरण बोर्डावर कोणती एमसीबी कोणत्या खोलीची आहे ते मराठीत लिहून चिकटवा. रात्री घाईत हेच उपयोगी पडतं.
5. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवा.

बोर्ड उघडणं, स्क्रू आवळणं आणि वायर बदलणं ही कामं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीतली जुनी वायरिंग अजून असेल, तर नवीन गीझर लावण्याआधी त्याच्यासाठी वेगळी लाइन ओढून घ्या. पूर्ण घराची वायरिंग एकदम बदलणं जमत नसेल तरी एवढं जमू शकतं.

## शॉक लागला किंवा आग लागली तर

शॉक: माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या पायताणावर किंवा लाकडी पाटावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा. हे फक्त घरातल्या विजेसाठी. रस्त्यावरच्या तारेच्या जवळही जाऊ नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीदाब सुरू करा. माणूस ठीक वाटला तरी डॉक्टरांना दाखवा, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

आग: मेन बंद होईपर्यंत पाणी टाकू नका. कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरा. आग हाताबाहेर जात असेल तर सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेस्टरचा दिवा लागला नाही, म्हणजे वीज नाही ना?
असं धरू नका. टेस्टर खराब असू शकतो. आधी चालू असलेल्या पॉइंटवर तो लावून पाहा.

एकाच एमसीबीवर गीझर आणि वॉशिंग मशीन चालेल का?
नको. आजच्या वॉशिंग मशीनमध्येही पाणी तापवायचं एलिमेंट असू शकतं. गीझरला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी द्या.

स्टॅबिलायझर लावला तर आरसीसीबी नको का?
स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो. शॉकपासून तो वाचवत नाही.

भाड्याच्या घरात अर्थिंग नाही. काय करावं?
घरमालकाशी बोला. तोवर किमान ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग नसलं तरी गळतीचा करंट माणसातून जमिनीत जाऊ लागला की ती पडते. शॉक बसेल, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

## थोडक्यात

जास्त वॅटचं उपकरण नेहमी १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. तापलेला प्लग दुर्लक्षित करू नका. एमसीबी वायरसाठी, आरसीसीबी माणसासाठी आणि अर्थिंग दोघांसाठी, तिन्ही हव्यात. रॉडच्या पाण्यात बोट घालण्याआधी प्लग बाहेर. आणि घरात यंदा एकच खर्च करता येणार असेल, तर रूम हीटर घेण्याआधी आरसीसीबी घ्या.